मांडीवरचा दोना

साकोलीला एस.टी. दहा मिनिटं थांबायची. ड्रायव्हरला चहा मनासारखा मिळाला तर बारा, नाही तर आठ. तेवढ्यात माणसांनी उतरायचं, पाय मोकळे करायचे, पोटात काही ढकलायचं आणि आपल्या जागेवर दुसरं कोणी बसलं नाही ना हेही पाहायचं. त्यामुळे स्टँडच्या फाटकासमोरच्या मनकर्णाबाईच्या हॉटेलात निम्मी माणसं उभ्यानं खायची आणि निम्मी हातात घेऊन बसकडे धावायची.

हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, चार बाकं आणि दोन चुली. मनकर्णाबाईचे नवरे भैय्याजी गल्ल्यावर बसत आणि चहाचं पाहत. बाकी सगळं बाईच्या हातचं होतं. सकाळपासून आलुबोंडा आणि त्यावर लाल तर्रीचा रस्सा, दुपारी वडाभात. ज्यांना बसायला वेळ नसे त्यांना ती पळसाच्या पानांच्या दोन्यात बांधून देई. दोने आणायची शकुनबाई. जंगलाच्या कडेला वीस-पंचवीस घरांचा एक टोला होता, तिथून दर बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर दोन्यांची चळत घेऊन यायची. तीन पानं एकात एक बसवून बांबूच्या काडीनं टाचलेला, खाली निमुळता, वर पसरट असा तो गोल दोना. लग्नात, तेरवीत, बाजारात सगळीकडे तोच चालायचा. त्याच्या आकारात काही खोट असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात एका दुपारी, भंडाऱ्याकडून आलेल्या बसमधून एक पोरगी उतरली आणि सरळ चुलीपाशी येऊन उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची, हातात कापडी पिशवी. पांढऱ्या साडीवर मांडीपासून गुडघ्यापर्यंत तांबडा, तेलकट डाग पसरला होता. पाण्यानं धुवायचा प्रयत्न केल्यामुळे तो आणखीच मोठा झाला होता.

"अठचा आलुबोंडा तुमीच बनवता ना?" तिनं विचारलं.

"हो. काय देऊ?"

"काई नाई. हे तुमच्या रश्शाचं हाय, तेवढं सांगाले आली."

तिचं नाव रत्ना रामटेके, गाव देवरीकडचं. डी.एड. झालेली, मास्तरणीच्या नोकरीची तिची पहिली मुलाखत त्या दिवशी भंडाऱ्याला होती. सकाळच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाप्यानं साकोलीला दोना घेतला होता. एका हातानं समोरचा दांडा धरला आणि दुसऱ्यानं खायचं म्हणून दोना मांडीवर ठेवला. बस लाखनीच्या अलीकडे खड्ड्यात गेली आणि दोना कलंडला तो हिच्या मांडीवर.

"मंग? मुलाखत झाली?" मनकर्णाबाईनं भीतभीतच विचारलं.

"झाली. फाईल मांडीवर धरून बसली होती. एक साहेब म्हने, कागद दाखवा. उठून द्या लागले. मंग सगळे डागाकडंच पाहून राहिले." रत्ना एवढं बोलून थांबली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे मनकर्णाबाईला ते जास्तच लागलं. "साडी माह्या मामीची हाय. तिले काय सांगू ते पाहीन मी. पन तुमचा दोना बसतच नाई, बाई. ठेवला का लोळते. हे तुमाले कोनी सांगतलं नसन."

तिनं चहासुद्धा घेतला नाही. देवरीची बस लागली होती, ती जाऊन बसली.

संध्याकाळच्या फेरीला कंडक्टर कृष्णराव आले तेही तापलेलेच. म्हणाले, "मनकर्णाबाई, उद्यापासून माह्या गाडीत दोना चढू देनार नाई. सीटा पुसता पुसता हैरान झालो. खाचं असन तं उतरून खा म्हना."

भैय्याजींनी मान उडवली. "नाई तं नाई. उभ्यानं खातीन लोकं."

मनकर्णाबाईच्या डोक्यातून मात्र ते जाईना. गेली बारा वर्षं ती त्या फाटकासमोर बसून बसवाल्यांना खाऊ घालत होती आणि चालत्या बसमध्ये आपण स्वतः कधी घासभर खाल्लेलं नाही हे तिच्या त्या दिवशी लक्षात आलं. माहेर इथल्या इथे कोंढ्याला, जायचं ते वर्षातून एकदा आणि तेही जेवून निघायचं. आपण रांधलेलं पुढं कसं खाल्लं जातं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी शकुनबाई आली तेव्हा मनकर्णाबाईनं तिला बाकावर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "शकुन, तुले जेवढ्या तऱ्हेचे दोने येतेत तेवढे सगळे करून आन. गोल, चपटे, चौकोनी, कसेबी. एकेकच आन."

"काहून वो? लगन हाय का कोनाचं?"

"लगन नाई. मले बसमंदी घेऊन जाचे हायेत."

शकुनबाईला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण पुढच्या बाजारी तिनं पाच प्रकार आणले. नेहमीचा गोल. त्याहून खोल, गडव्यासारखा. पसरट, ताटलीसारखा. चारी कोपरे दुमडून टाचलेला चौकोनी. आणि एक लांबट, खाली अरुंद, होडीसारखा. हा शेवटचा तिनं उरलेल्या पानांचा सहज म्हणून केला होता. मनकर्णाबाईनं त्यात आपल्याकडची एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची वाटी आणि शेजारच्या मिठाईवाल्याकडून आणलेला पुठ्ठ्याचा खोका घातला. सात भांडी झाली. सगळी टोपलीत ठेवली, रश्शाचा डबा घेतला आणि दुपारच्या बसला लाखनीचं तिकीट मागितलं.

कृष्णरावांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "मी काय म्हनलो होतो, बाई?"

"तुमी म्हनले म्हनूनच तं आली. तिकीट काढते, मांगची सीट द्या. जुनं लुगडं आनलं हाय अंथराले. सांडलं तं मी पुसीन."

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईला उतरवता येत नव्हतं. कृष्णरावांनी तिकीट फाडलं आणि तिच्याच शेजारी दांडा धरून उभे राहिले, पुढं काय होतं ते पाहायला.

बस निघाली. मनकर्णाबाईनं सीटवर लुगडं पसरलं, सातही भांडी मांडली आणि प्रत्येकात पळीपळीनं रस्सा ओतला. पुठ्ठ्याचा खोका पहिल्या मैलातच तळातून ओला झाला, दुसऱ्या मैलात फाटला. ताटली पहिल्याच वळणाला रिकामी. गोल आणि खोल असे दोन्ही दोने लवंडले. वाटी मात्र घसरत घसरत का होईना, उभी राहिली. पण वाटी काय, प्रत्येकाला थोडीच देऊन टाकायची होती. चौकोनी दोना छान बसला होता. मनकर्णाबाईला वाटलं, झालं, मिळालं.

पुढच्या सीटवरून एक पागोटंवाले आजोबा मागे वळून हे सगळं पाहत होते. ते म्हणाले, "बाई, सीटवर ठेवून कोन खाते? शेजारी मानूस असते. मांडीवर ठेवून पाहा ना."

तिनं चौकोनी दोना मांडीवर घेतला. दोन मांड्यांवर दोन कडा टेकल्या आणि मध्ये पोकळी राहिली. बस उजवीकडे कलली की एक मांडी वर, डावीकडे कलली की दुसरी. दोना पाळण्यासारखा हलायला लागला. रस्सा काठावरून तिच्या पोटावर आला. बसमधली माणसं हसली. मनकर्णाबाईही हसली. तोवर तिच्या भोवती पाचसहा जण गोळा झाले होते आणि जो तो सल्ला देऊन राहिला होता.

शेवटी उरला लांबट. तो तिनं मांड्यांच्या मधोमध, गुडघ्याच्या दिशेनं लांब असा ठेवला. तो खाली घळीत उतरला आणि तिथंच बसला. दोन खड्डे गेले, हलला नाही. कृष्णरावांचा चेहरा बदलला. "अरे बाप्पा," ते म्हणाले. तेवढ्यात बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि लांबट दोन्याच्या पुढच्या टोकातून रश्शाची धार सरळ कृष्णरावांच्या खाकी पँटवर गेली.

मनकर्णाबाईनं जुन्या लुगड्याचं टोक पुसायला पुढं केलं. कृष्णरावांनी खिशातून फडकं काढलं, पँट पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "टोकं उचला लागते याची."

परतीच्या बसमध्ये तिला आणखी एक गोष्ट दिसली. समोर एक शहरी नेसणीची बाई बसली होती, पाचवारी साडीत. मनकर्णाबाईचं स्वतःचं नऊवारी, कासोट्याचं. तिच्या मांड्यांत घळ होती. त्या बाईच्या मांडीवर साडी पाळण्याच्या झोळीसारखी ताणलेली होती. तिथं होडीसारखा दोना बसलाच नसता. मनकर्णाबाईनं तिला विचारून तिच्या मांडीवर रिकामा दोना ठेवून पाहिला. लगेच आडवा झाला. रत्नाही अशीच पाचवारीत होती, हे तिला आठवलं.

शकुनबाईपुढे तिनं हे सगळं मांडलं. लांब पाहिजे, खाली बोटभर रुंद सपाट तळ पाहिजे, दोन्ही टोकं उचललेली पाहिजेत, वरून एक पान झाकण म्हणून टाचता आलं पाहिजे.

"सोपं हाय बोलनं," शकुनबाई म्हणाली. "गोलाले तीन पानं लागतेत. याले पाच लागतीन. काड्या दुप्पट. मी तीन गोल करतो तेवढ्या येळात हा एकच होईन."

"मंग त्या हिशेबानंच दे मले. पन करून तं पाहा."

तीन आठवडे गेले. पहिल्या खेपेला तळाच्या शिवणीतून गळत होतं. शकुनबाईनं तळाला दुहेरी पान घातलं आणि पानाची शीर लांबीच्या दिशेनं ठेवली, म्हणजे दुमडताना फाटेना. दुसऱ्या खेपेला टोकं उघडायची. तिनं ती आत मुडपून आडवी काडी घातली. मनकर्णाबाईनंही आपल्या बाजूनं एक केलं. दोन्यासाठी रस्सा वेगळा, भिजवलेली लाखोळीची डाळ वाटून घट्ट केलेला, आणि ओतायचा तो आलुबोंडा फोडून त्याच्यावर, म्हणजे निम्मा त्यातच मुरे. भैय्याजी म्हणाले, "लोकं म्हनतीन रस्सा कमी केला." लोक तसं म्हणाले. चार दिवस म्हणाले, मग खायला लागले.

कृष्णरावांनी पहिला लांबट दोना स्वतः चालत्या गाडीत खाऊन पाहिला. दुसऱ्या दिवसापासून साकोली आली की तेच ओरडायचे, "गाडीत खाचं असन तं लांब्या दोन्यातलंच घ्या, गोल चढू देनार नाई!"

त्या वर्षी रत्ना रामटेकेचं नाव यादीत लागलं नाही. पुढच्या वर्षी लागलं, आंधळगावच्या शाळेत. रुजू व्हायला जाताना ती हॉटेलात उतरून सांगून गेली. पहिल्या वर्षी डागामुळे राहिलं की आणखी कशामुळे, हे तिलाही सांगता आलं नाही. मनकर्णाबाईनं तिच्यापुढं आणून ठेवलेली एक नवी पांढरी साडी ठेवली. "मामीले दे," म्हणाली. रत्ना नको म्हणत होती, पण बस सुटायच्या आत तिनं ती घेतली.

पाच वर्षं अशी गेली. लांबा दोना म्हटलं की साकोली, हे रस्त्यावरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पाठ झालं. आलुबोंड्याच्या जोडीला वडाभातही त्यात जाऊ लागला. शकुनबाईच्या एकटीच्या हातानं पुरेना, म्हणून टोल्यावरच्या दोघी-तिघी तिच्याबरोबर बसायला लागल्या.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात भैय्याजी लाखनीहून लग्न आटोपून आले ते हातात एक दोना घेऊनच. तो मनकर्णाबाईपुढं आपटत म्हणाले, "पाहा. लाखनीच्या स्टँडवर भेटला. नवीन हॉटेल निंगालं हाय तठी."

लांबट, सपाट तळाचा, टोकं मुडपलेला. मनकर्णाबाईनं तो उलटा करून पाहिला. आडवी काडी अगदी त्याच जागी होती. हा हात तिला ओळखीचा वाटला.

बाजाराच्या दिवशी शकुनबाई आली तशी मनकर्णाबाईनं दोना पुढं केला. "हा कोनाचा?"

शकुनबाईनं लपवलं नाही. "माह्या ननंदेनं केला. तिले लाखनीच्या टोल्यावर देली हाय. म्या शिकोला तिले."

"मले इचारलं नाई?"

"कायले इचारू? तिचा नवरा पडून हाय. पानं जंगलातली, हात तिचे."

"आन् आकार? तो कोनाचा? म्या बसमंदी बसून, लोकायचं हसू करून घेऊन काढला तो."

शकुनबाईचा चेहरा ताठ झाला. "तुमी बसमंदी बसल्या, बाई. बोटं माही फाटली. तीन हप्ते गळत होता तवा तुमी नाई बसल्या काड्या घालत. आन् मांडी काय साकोलीच्याच लोकायले असते? लाखनीवाले बी मांडीवरच खातेत."

तिनं चळत उतरवली आणि चहा न घेताच निघून गेली. पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही.

मनकर्णाबाईनं दुसरीकडून गोल दोने घेतले. कृष्णरावांनी पहिल्याच दिवशी भुवया वर केल्या, पण जुनी ओळख म्हणून बोलले नाहीत. स्टँडच्या पलीकडच्या टपरीवाल्यानं तेवढ्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. रस्सा पिशवीत, तोंडाला दोरा. गिऱ्हाईकं ती पिशवी घेऊन बसमध्ये चढत आणि मग दातानं दोरा सोडू की बोंडा धरू, अशा पंचाईतीत पडत. तरी पिशव्या खपत होत्या. भैय्याजी म्हणाले, आपणही आणू. मनकर्णाबाईनं एक पिशवी आणून रस्सा भरून पाहिला. पिशवी हातात धरली तर ठीक, खाली ठेवली की बसकण मारून पसरायची. गरम रश्शानं तिला एक वासही येत होता. तिनं पिशवी बाजूला ठेवली.

खरं म्हणजे तिला दुसरंच काही खात होतं. शकुनबाई जे बोलली ते खोटं नव्हतं. आठ दिवस तिनं मनातल्या मनात उत्तरं तयार केली आणि एकही तिला स्वतःला पटेना. तीन आठवडे गळत होता, तेव्हा ती खरंच काड्या घालायला बसली नव्हती. नुसती नावं ठेवत होती.

एका सकाळी तिनं भैय्याजींना सांगितलं, "आज चूल तुमी पाहा. मी टोल्यावर जाऊन येतो."

"तू तिच्या दारी जाशील?"

"ती इतकी वर्सं माह्या दारी आली ना."

बसनं फाट्यापर्यंत आणि पुढं दीड मैल पायी. धान कापून झालेले, बांध्यांची खाचरं मोकळी पडलेली. टोल्याच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली पाच बाया पानांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. शकुनबाईनं तिला येताना पाहिलं, पण उठली नाही. दुसऱ्या एका बाईनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मनकर्णाबाई ढिगाशेजारी मातीतच बसली.

"ननंदेचा नवरा कसा हाय?" तिनं विचारलं.

"बसते आता उठून. काठी घेऊन चालते."

"लाखनीवाल्याले किती लागतेत?"

"दिवसाले पन्नास. कदी साठ."

"मंग तुमच्या दोघीत पानं पुरतेत का?"

शकुनबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "पुरतेत," ती म्हणाली.

मग मनकर्णाबाई म्हणाली, "तू बोलली ते बराबर होतं. मी बोलाले नोको होती."

शकुनबाईनं हातातलं पान संपवलं, काडी दातानं तोडली. मग उठून घरात गेली आणि एक दोना घेऊन आली. लांबटच, पण मधोमध एक दुमडलेलं पान भिंतीसारखं उभं, दोन्ही बाजूंनी काड्या मारून पक्कं केलेलं. एका बाजूला मोठा कप्पा, दुसऱ्या बाजूला लहान.

"हे काय?"

"वडाभाताचं. भातात रस्सा मिसळते, लोकं म्हनतेत गिचका झाला. भात इकडं, रस्सा तिकडं. दिवाळीतच केला होता. तुमच्यासाठीच आनत होतो त्या बाजारी. मंग आपलं ते झालं."

मनकर्णाबाईनं भिंतीच्या पानावर बोट दाबून पाहिलं. पक्कं होतं. तिनं विचारलं, "पानी टाकून पाहिलं?"

"तुमीच पाहा."

बाजूच्या बाईनं लहान कप्प्यात तांब्यानं पाणी घातलं. दोघी वाकून पाहत राहिल्या. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यातून एक थेंब मोठ्या कप्प्यात आला, मग दुसरा.

"झिरपते," मनकर्णाबाई म्हणाली.

"झिरपते थोडं. तठी पान मुडपा लागन."

"दाव. कसं मुडपाचं ते."

शकुनबाईनं तिच्या हातात एक पान दिलं. मनकर्णाबाईनं पहिलं पान फाडलं, दुसरं फाडलं, तिसऱ्याला काडी घालताना बोटात घुसवून घेतली. बाया हसायला लागल्या. शकुनबाईनं तिचा हात धरून पानाची शीर कुठून वळवायची ते दाखवलं आणि म्हणाली, "घाई नोका करू. बस चारले हाय तुमची."

निघायच्या वेळेपर्यंत मनकर्णाबाईच्या हातून दोन दोने झाले. त्यातला एक टिकला. बायांनी मिळून चाळीस केले. ते टोपलीत उपडे रचून शकुनबाई तिच्याबरोबर फाट्यापर्यंत आली. बस आली तेव्हा टोपली टपावर टाकू द्यायला दोघीही तयार नव्हत्या, आतच घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी वडाभात त्या दोन्यांतून गेला. चाळीसही दोने तीनच्या आत संपले, आणि परवाच्या बाजाराला शंभर लागतील असा निरोप मनकर्णाबाईनं टोल्याकडं जाणाऱ्या एका माणसाजवळ दिला.